डोळ्याच्या आत डोकावणारा माणूस : हर्मान हेल्महोल्ट्स

(द्वितीय वर्ष कला)

माझे आजोबा गवंडी होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. भिंतीला ओळंबा लावण्याआधीच ती किती सूत बाहेर गेली आहे हे ते नुसत्या नजरेने सांगत, आणि ओळंबा सोडला की त्यांचेच म्हणणे खरे ठरे. पंचक्रोशीतील कितीतरी घरे, दोन देवळे आणि आमच्या प्राथमिक शाळेची कुंपणाची भिंत त्यांच्या हातची आहे. अशा माणसाची नजर साठीच्या आतच गेली. नऊ वर्षे त्यांना साखरेचा आजार होता. गोळ्या चालू होत्या, अधूनमधून रक्त तपासले जाई; पण त्या नऊ वर्षांत डोळेही तपासून घ्यावे लागतात, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि आम्हां घरच्यांना ते ठाऊक नव्हते. दिसेनासे झाले तेव्हा मोतीबिंदूच असणार अशा समजुतीने बाबा त्यांना एका शिबिराला घेऊन गेले. मी सातवीत होतो, मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी दिव्याचे एक लहानसे यंत्र डोळ्यापाशी धरून बराच वेळ आत पाहिले. मग त्यांनी सांगितले की हा मोतीबिंदू नव्हे. साखरेमुळे आतला पडदाच खराब झाला आहे, दोन-तीन वर्षे आधी यायला हवे होते.

त्या दिवसापासून दोन प्रश्न माझ्या मनात घर करून राहिले. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्याच्या आतले त्या डॉक्टरांना दिसले कसे? आणि जर ते दिसण्याजोगे होते, तर आधी कोणी का पाहिले नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला गेल्या वर्षी, अगदी अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे मानसशास्त्राच्या तासाला मिळाले. संवेदना शिकविताना सरांनी हेल्महोल्ट्स हे नाव फळ्यावर लिहिले आणि जाता जाता सांगितले की जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पाहण्याचे यंत्र याच माणसाने केले. तास संपल्यावर मी तडक ग्रंथालयात गेलो. तेथे जे वाचायला मिळाले ते माझ्यासारख्याच, घरी बेताची परिस्थिती असलेल्या मित्रांना सांगावे, म्हणून हा लेख.

हर्मान हेल्महोल्ट्स यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी प्रशियातील पॉट्सडाम या गावी झाला. वडील तेथील शाळेत शिक्षक होते; भाषा आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय. घरात पुस्तके पुष्कळ, पैसा मात्र बेताचाच. हर्मान हा थोरला मुलगा. लहानपणी तो सतत आजारी असे आणि अंथरुणावर पडल्या पडल्या लाकडी ठोकळ्यांशी खेळत असे. पुढे शाळेत भूमिती सुरू झाली तेव्हा गुरुजी जे सिद्ध करून दाखवीत ते या मुलाला ठोकळ्यांमुळे आधीच माहीत असे. पाठांतरात मात्र त्याची गती कमी होती. शब्दांची रूपे, सनावळ्या, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा गोष्टी त्याच्या डोक्यात राहत नसत. लॅटिनच्या तासाला वर्ग एखाद्या प्राचीन कवीचे काव्य वाचीत असताना हा बाकाखाली वही धरून दुर्बिणीतून प्रकाशाचे किरण कसे जातात याचे गणित मांडीत बसे. ज्यांना सनावळ्या पाठ होत नाहीत अशा आपल्यातल्या अनेकांना हे वाचून धीर येईल!

मुलाला पदार्थविज्ञान शिकायचे होते. परंतु त्या शिक्षणाचा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता आणि ते शिकून पोट भरेल याचाही भरवसा नव्हता. वडिलांनी दुसरा मार्ग सुचविला. बर्लिनमध्ये सैन्यासाठी डॉक्टर तयार करणारी एक सरकारी संस्था होती. तेथे शिक्षण फुकट मिळे. मात्र पुढे आठ वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करण्याचे बंधन असे. १८३८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, हर्मान या संस्थेत दाखल झाला. मनातला विषय एक आणि हाती आलेला दुसरा, असे आपल्यापैकी कितीजणांचे झाले आहे! पण हाती आलेल्या विषयात त्याने मनातला विषय सोडला नाही. वैद्यक शिकता शिकता त्याने गणित आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके स्वतःच वाचून काढली. योहानेस म्यूलर यांच्यासारखा थोर गुरू त्याला तेथे लाभला, आणि ब्रुके, दु ब्वा-रेमों यांच्यासारखे मित्रही.

या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. विद्यार्थी असताना हर्मानला विषमज्वरासारखा कडक ताप आला आणि कित्येक आठवडे रुग्णालयात पडून राहावे लागले. विद्यार्थी म्हणून उपचार फुकट होते, त्यामुळे त्या काळातला त्याचा तुटपुंजा भत्ता शिल्लक राहिला. बरे होऊन बाहेर पडल्यावर त्याने त्या पैशांतून काय घेतले असेल? एक सूक्ष्मदर्शक! यंत्र काही फार चांगले नव्हते. पण त्याच्याच साह्याने त्याने कीटकांसारख्या कणा नसलेल्या प्राण्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास केला आणि १८४२ साली डॉक्टरेट मिळविली.

पुढे पॉट्सडाममध्येच एका पलटणीचा डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. सकाळी शिपायांच्या प्रकृती तपासायच्या आणि उरलेल्या वेळात बराकीतच मांडलेल्या छोट्याशा प्रयोगशाळेत काम करायचे, असा दिनक्रम सुरू झाला. बेडकाच्या स्नायूंवरचे ते प्रयोग होते. स्नायू हलताना उष्णता कोठून येते या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता हा तरुण एका फार मोठ्या विचारापाशी पोहोचला. जगातली शक्ती नव्याने उत्पन्न होत नाही आणि नाहीशीही होत नाही, ती फक्त रूप बदलते, हा तो विचार. २३ जुलै १८४७ रोजी बर्लिनच्या भौतिकी मंडळापुढे त्याने हा निबंध वाचला. वय अवघे पंचवीस! त्या काळच्या प्रमुख नियतकालिकाने तो छापण्यास नकार दिला, तेव्हा तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून काढावा लागला. आज तोच नियम शाळेच्या पुस्तकात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम म्हणून आपण शिकतो.

१८४८ साली अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट या नामवंत शास्त्रज्ञाच्या शब्दामुळे सैन्याची उरलेली वर्षे माफ झाली आणि हेल्महोल्ट्स यांना पहिली शिक्षकाची नोकरी मिळाली. ती कोठे, हे कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. ती बर्लिनच्या कला अकादमीत होती! चित्रकारांना आणि शिल्पकारांना ते शरीररचना शिकवीत. पुढच्याच वर्षी ते क्योनिग्जबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले. (हे शहर आज कालिनिनग्राड या नावाने रशियात आहे.) त्याच वर्षी ओल्गा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

क्योनिग्जबर्गला त्यांनी दोन मोठी कामे केली. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजता येणारच नाही, असे त्यांचे गुरू म्यूलर मानीत असत. शिष्याने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर तो वेग मोजून दाखविला. तो सेकंदाला तीसएक मीटर, म्हणजे प्रकाशाच्या मानाने अगदीच संथ निघाला. आमच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात त्यांचे नाव येते ते मुख्यतः यामुळे आणि रंगांच्या संवेदनेवरील कार्यामुळे.

दुसरे काम म्हणजे ते डोळ्याचे यंत्र. त्याची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

आपण एकमेकांच्या डोळ्यांत पाहतो तेव्हा मधली बाहुली काळी दिसते. ती काळी का? आत प्रकाश जात नाही म्हणून, असे सहज वाटेल. परंतु प्रकाश आत गेला नसता तर आपल्याला दिसले असते कसे? खरी गोष्ट अशी की आत गेलेल्या प्रकाशाचा काही भाग पडद्यावरून परत फिरतो, पण तो ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो आणि जेथून निघाला त्या दिव्याकडेच जातो. तो पाहायचा तर आपला डोळा दिव्याच्या जागी हवा. पण आपण तेथे डोके नेले की दिव्याचा उजेडच अडतो! म्हणून हजारो वर्षे माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहत आला, आणि त्याला काळोखच दिसला. मांजराचे डोळे रात्री चमकतात तसा माणसाचा डोळाही विशिष्ट तऱ्हेने चमकताना दिसतो, हे मित्र ब्रुके यांनी पाहिले होते. पण परत येणारा हा प्रकाश कसले चित्र घडवितो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. १८५० च्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना ही चमक समजावून देण्याची तयारी करताना हेल्महोल्ट्स यांनी तो विचारला.

त्यांनी केलेली युक्ती अगदी साधी होती. दिवा बाजूला ठेवायचा. रुग्णाच्या आणि आपल्या डोळ्यांमध्ये काच तिरपी धरायची. दिव्याचा काही प्रकाश काचेवरून वळून रुग्णाच्या डोळ्यात जातो. पडद्यावरून परत आलेला प्रकाश पुन्हा काचेवर येतो आणि त्यातला काही काचेच्या आरपार जाऊन आपल्या डोळ्यात शिरतो. मग चित्र स्पष्ट करण्यापुरते एक भिंग लावले की झाले. पहिले यंत्र त्यांनी पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाखाली वापरतात त्या पातळ काचा चिकटवून घरीच केले. प्रथम काही धड दिसेना. आपले गणित बरोबर आहे हा विश्वास नसता तर त्यांनी नाद सोडला असता. पण आठवडाभराच्या खटपटीनंतर जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा, त्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्यांसह, त्यांच्यासमोर उभा राहिला. ६ डिसेंबर १८५० रोजी ही बातमी बर्लिनच्या भौतिकी मंडळाला कळविण्यात आली आणि १८५१ साली त्यावरची पुस्तिका प्रसिद्ध झाली. इंग्लंडात चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ मध्येच असे काहीसे उपकरण केले होते, पण ज्या डॉक्टरांना त्यांनी ते दाखविले त्यांना त्याचे महत्त्व कळले नाही. नवी वस्तू घडविणे जितके अवघड, तितकेच तिचे मोल ओळखणेही.

हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. पण डोळ्याच्या आतले काकण पाहायला मात्र आरसाच लागला! जर्मन भाषेत या यंत्राला नावही डोळ्याचा आरसा असेच आहे.

सगळ्यांनीच त्याचे स्वागत केले असे नाही. आजारी डोळ्यात इतका उजेड सोडणे धोक्याचे आहे, असे एका शल्यवैद्याचे मत पडले. दुसऱ्या एकाने सांगितले की ज्या डॉक्टरांची नजर अधू असेल त्यांना ते उपयोगी पडेल, आपली नजर उत्तम आहे. परंतु बर्लिनचे तरुण नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफ यांनी ते आनंदाने उचलून धरले, आणि रेकोस नावाच्या कारागिराने त्यात फिरत्या चकतीवर निरनिराळी भिंगे बसवून ते वापरायला सोपे केले. पुढच्या पाच-सहा वर्षांतच व्हिएन्नाचे एडुआर्ड येगर यांनी मधुमेह झालेल्या माणसाच्या पडद्यावरील बदल पाहून त्यांची नोंद केली. हे बदल मधुमेहामुळेच होतात काय, याविषयी पुढे बरीच वर्षे वाद चालला. तो मिटला, पण माझ्या दृष्टीने त्या नोंदीचे महत्त्व निराळे आहे. माझ्या आबांच्या डोळ्यांत जे झाले ते जगाने प्रथम पाहिले त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली!

हेल्महोल्ट्स यांचे पुढचे आयुष्य यशाचे होते. बॉन, हायडेलबर्ग आणि १८७१ पासून बर्लिन अशा विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले. दृष्टीवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८५६ ते १८६७ या काळात तीन भागांत पुरा झाला. संगीतातील स्वर कानाला गोड का लागतात यावर त्यांनी १८६३ साली लिहिलेला ग्रंथ संगीताचे अभ्यासक आजही वाचतात. हाइनरिश हर्ट्झ आणि माक्स प्लांक हे त्यांचे विद्यार्थी. पण दुःखेही वाट्याला आली. १८५९ साली वडील गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पत्नी ओल्गा यांचे निधन झाले. घरात दोन लहान मुले होती. १८६१ मध्ये आना फॉन मोल यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला. १८८३ मध्ये सरदारकी मिळून त्यांच्या नावात फॉन आले. शिक्षकाच्या मुलाच्या दृष्टीने ही केवढी मजल! १८९३ साली अमेरिकेतील शिकागोच्या प्रदर्शनाहून परतताना ते जहाजाच्या जिन्यावरून पडले. त्यानंतर प्रकृती पूर्वीसारखी झाली नाही. ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता माझा दुसरा प्रश्न. दिसण्याजोगे होते, तर कोणी का पाहिले नाही?

मधुमेहात रक्तातील वाढलेल्या साखरेमुळे पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. त्यांना फुगवटे येतात, त्या पाझरू लागतात, काही बुजतात. मग शरीर नव्या वाहिन्या फोडते, पण त्या इतक्या नाजूक असतात की फुटून डोळ्यात रक्त उतरते आणि पडदा ओढला जातो. यातली फसवी गोष्ट ही की सुरुवातीला काही दुखत नाही, खुपत नाही आणि दिसतेही चांगले. दिसेनासे होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून दिसत असतानाच, दर वर्षी, आत पाहून घ्यावे लागते. वेळेवर कळले तर उपाय आहेत. लेसर किरणांच्या उपचाराने दृष्टी पार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने १९७६ सालीच सिद्ध केले.

श्रीमंत देशांनी यातून धडा घेतला. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेहाच्या रुग्णांना नियमितपणे बोलावून त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. इंग्लंड आणि वेल्समधील २००९-१० सालच्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की काम करण्याच्या वयातील अंधत्वाचे पहिले कारण हा आजार उरलेला नाही, आणि असे पन्नास वर्षांत प्रथमच घडत होते. गरीब देशांत मात्र चित्र उलटे आहे. २०२१ च्या अंदाजानुसार जगात सुमारे ५३ कोटी ७० लाख प्रौढांना मधुमेह होता आणि त्यांपैकी चारांतील तिघे गरीब वा मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. भारताचा आकडा २०२३ च्या एका राष्ट्रीय पाहणीत १० कोटींवर गेला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेही भारतीयांपैकी आठांत एकाच्या पडद्यावर हा रोग आढळला. एवढ्या सर्वांचे डोळे नेत्रतज्ज्ञाने स्वतः पाहायचे म्हटले तर ते कसे जमावे? तज्ज्ञ शहरात आणि रुग्ण वाडीवस्तीवर.

वाट नाही असे नाही. १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी मदुराईत अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. पुढे त्या संस्थेने मधुमेहाच्या रुग्णांसाठी गावोगाव शिबिरे घेतली आणि तेथे काढलेले पडद्याचे फोटो दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविण्याची पद्धत रुळविली. फोटो शिकवून तयार केलेला सहायक काढतो, तज्ज्ञ एका जागी बसून शेकडो डोळे पाहतो. २०१६ साली असे फोटो संगणकाकडून तपासून घेण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात याच रुग्णालयाचा सहभाग होता. पण यंत्र आले म्हणजे सगळे झाले असेही नाही. थायलंडमधील सरकारी दवाखान्यांत असे यंत्र नेले तेव्हा खोलीत पुरेसा अंधार नाही, फोटो पुसट येतात, इंटरनेट रेंगाळते, अशा अडचणी निघाल्या. पाचांतील एक फोटो यंत्राने नाकारला, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसते. शिवाय फोटोत दोष निघालेल्या माणसाला पुढे उपचारासाठी शहरात जायला एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज परवडला पाहिजे. ते नसेल तर तपासणीचा कागद खिशातच राहतो.

माझे बाबाही गवंडीकाम करतात. गेल्या वर्षी त्यांनाही साखर निघाली. दिवाळीच्या सुटीत मी त्यांना डोळे तपासायला जिल्ह्याच्या गावी घेऊन गेलो. जायला ते तयार नव्हते. चांगले दिसते आहे, मग एक रोज कशाला बुडवायचा, असे त्यांचे म्हणणे. मला आबांचे नाव घ्यावे लागले. डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्यावर फोटो काढला. डॉक्टरांनी तो मलाही दाखविला. नारिंगी वर्तुळ, त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या लाल रेषा, आणि कडेला दोन-तीन बारीक लाल ठिपके. आता उपचाराची गरज नाही. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा, वर्षाने पुन्हा या, असे त्यांनी सांगितले. आबांचेही कधीतरी एवढेच दोन-तीन ठिपके असतील. ते पाहायला कोणी नव्हते.

परतताना थेंबांमुळे बाबांना ऊन सहन होईना. एस.टी. स्टँडवर मी त्यांचा हात धरून चालत होतो. आबांचा धरीत असे तसाच. पण बाबांना संध्याकाळी स्वच्छ दिसू लागले.

मित्रहो, हेल्महोल्ट्स यांचे चरित्र वाचून आपण सगळे शास्त्रज्ञ होणार नाही, आणि मी तर कलेचा विद्यार्थी. पण पुठ्ठ्याच्या त्या यंत्राने जे काम सुरू केले त्यातला शेवटचा टप्पा, म्हणजे माणसाला घरातून उठवून त्या यंत्रापर्यंत नेणे, हा आपल्याला करता येण्याजोगा आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी साखरेचा आजार आहे त्यांनी या सुटीत आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे डोळे आतून तपासून आणावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात, रस्ता आणि झाडे यांच्या जोडीला, गावातल्या साखरेच्या रुग्णांची यादी करून त्यांना तपासणीपर्यंत नेण्याचे काम घ्यावे, अशी मी प्राध्यापकांना नम्र विनंती करतो. यादी करण्याच्या कामी मी हजर राहीन.